न आवरणारं हळदीकुंकू

सौदीतल्या राबिघच्या त्या कंपाउंडात अहिल्याबाईंइतकं शास्त्रशुद्ध हळदीकुंकू कुणाकडेच होत नाही, हे त्यांच्याशी न बोलणाऱ्या बायकांनाही मान्य आहे. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. एका वर्षी शेजारणीने मुदत उलटून गेल्यावर बोलावलं, तेव्हा अहिल्याबाई गेल्या, चहा प्यायल्या, आणि कपाळ काही पुढे केलं नाही. चहा प्यायला म्हणजे माणुसकी झाली, कपाळ दिलं नाही म्हणजे शास्त्र झालं. समुद्रापलीकडे येऊन राहिलं की माणसं एक तर सगळं सोडून देतात, नाही तर सगळं घट्ट धरून बसतात. अहिल्याबाई धरून बसणाऱ्यांतल्या.

यंदा रथसप्तमी नेमकी शुक्रवारी आली, सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे हॉल बायकांनी गच्च भरला होता. अहिल्याबाईंचे यजमान सुबोधराव रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. त्यांना समोरच्या घरी क्रिकेट बघायला हाकलण्यात आलं होतं. ते गेलेही. सूचना पाळणं हा त्यांचा पेशाच.

रांगेत कीर्ती आली. कीर्ती नाशिकची, फिजिओथेरपिस्ट, लग्न होऊन इथे आलेली. तिचा नवरा हर्षवर्धन म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाचा हिरा. गाणं म्हणणार, विमानतळावरून सगळ्यांची पार्सलं आणणार, म्हाताऱ्यांच्या पाया पडणार. अहिल्याबाईंनी कुंकू लावायला कीर्तीची हनुवटी वर उचलली, तर अंगठ्याला गव्हाच्या रंगाचा लेप लागून आला आणि त्याखालून जांभळी हनुवटी बाहेर आली.

अहिल्याबाई अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुंकू लावलं, अत्तर लावलं, हातात वाणाची चहाची गाळणी दिली आणि कीर्तीला तिच्या दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग डॉक्टर सरिता आली. सरिता सरकारी हॉस्पिटलात वीस वर्षं बाळंतपणं करत होती. तिला जखम दाखवावी लागत नसे.

"कधीपासून?" सरिताने विचारलं.

कीर्तीने आधी नळाकडे बघितलं, मग गाळणीकडे. "काकू, तुम्ही कुणाला बोलू नका. तो खुरूज लावेल मला."

आता हे खुरूज प्रकरण जरा समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे. इथे राहायचं तर इकामा, म्हणजे निवासाचा परवाना लागतो, आणि कीर्तीचा इकामा नवऱ्याच्या आधारावर. नवऱ्याच्या फोनमध्ये एक सरकारी ॲप. त्यात एक बटण दाबलं की खुरूज निहाई, म्हणजे कायमची रवानगी. बायको नाशिकला. नाशिकला कीर्तीचे वडील, जे मुलीला खणा-नारळाने ओटी भरून पुन्हा त्याच नवऱ्याकडे पाठवण्यात धन्यता मानणारे. आणि इकडे जेद्दाच्या अझीझियातल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली होती. परीक्षा पास झाली होती, इकामा हॉस्पिटलच्या नावावर जायचा तेवढा बाकी होता. तो एकदा गेला की ती स्वतःच्या पायावर. त्याआधी बटण दाबलं गेलं की सगळं खलास. हर्षवर्धन ते बटण दाबत नव्हता, दाखवत होता. भाजीत मीठ जास्त झालं की फोन काढून दाखवायचा. हात उगारला आणि ती ओरडली की फोन दाखवायचा. असल्या माणसाला हिरा म्हणणाऱ्या मंडळाचं काय करावं, ते तुम्हीच सांगा.

सरिताने तिथल्या तिथे सरकारच्या महिला मदतकेंद्राला फोन लावला आणि अरबीत बराच वेळ बोलली. पलीकडच्या बाईंनी सांगितलं ते असं, की मुलीची तयारी असेल तर आत्ता निवाऱ्यात घेऊन जातो. ओळखीच्या घरी सुरक्षित राहणार असेल तर शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी सकाळी कार्यालय उघडलं की मी स्वतः येऊन जबाब नोंदवते. जबाब नोंदवला की चौकशी संपेपर्यंत नवऱ्याला तिचं खुरूज लावता येणार नाही. फक्त तोपर्यंत तिला त्याच्या हाती लागू देऊ नका. आणि बोलायचं मात्र तिनेच.

अनोळखी निवाऱ्याचं नाव ऐकून कीर्तीला रडू फुटलं. "मी इथेच राहते काकू."

"राहा ना," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की हे सोपं नाही. हर्षवर्धन येणार. चपला बाहेर काढणार, पाया पडणार, घोटभर पाणी मागणार. पाणी मागणाऱ्या माणसाला हाकलायची रीत मराठी माणसाला कुणी शिकवलेली नाही. मग तो सोफ्यावर बसून हळू आवाजात बोलणार, सुबोधराव मान डोलावणार, कुणीतरी घरातलं भांडण घरात मिटवा म्हणणार, आणि कीर्ती पर्स उचलून त्याच्यामागून निघणार. तीनदा तशीच गेली होती म्हणे ती, एकदा तर जेद्दाच्या बसस्टँडवरून.

त्याला घरात येऊच द्यायचं नाही, याला एकच उपाय होता. बायकांची बैठक चालू असलेल्या घरात परका पुरुष पाऊल टाकत नाही. हा आपल्याकडचा संकोच आहे आणि या देशात तर कडक रिवाज. दोन्ही एका जागी आले की दाराला वेगळं कुलूप लागत नाही.

अहिल्याबाईंनी दार किलकिलं करून कंपाउंडचा पहारेकरी उमैर याला बोलावलं. उमैर सौदी, तिशीचा, अत्यंत गंभीर. "जुव्वा हरीम," अहिल्याबाईंनी आपलं सगळं अरबी एका दमात खर्च केलं. आत बायका आहेत. "नो मॅन. माय मॅन ऑल्सो नो."

उमैरने छातीवर हात ठेवला, खुर्ची आणली आणि दाराला पाठ करून बसला.

मग त्या हॉलमध्ये येऊन म्हणाल्या, "बायांनो, हळदीकुंकू चालू आहे. रविवारपर्यंत."

बायकांना कारण कळायला वेळ लागला नाही. कीर्तीची हनुवटी आता उघडीच होती. एकीने घरी फोन करून सांगितलं की फ्रिजमध्ये कालची आमटी आहे, गरम करून घ्या. दुसरीने सांगितलं की आमटीसुद्धा नाही. पाळ्या लागल्या, गाद्या आल्या.

शास्त्राचा प्रश्न तेवढा राहिला. रथसप्तमी संपली की काय करायचं? अहिल्याबाईंनी पुण्याच्या गुरुजींना व्हॉट्सॲप केलं. गुरुजींचं उत्तर आलं, की आता एकदम चैत्रात. अहिल्याबाई पाच मिनिटं देवाजवळ बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या शास्त्राला वळसा घालणार होत्या, आणि तो घालायचा तर निदान व्यवस्थित घालावा, अशी त्यांची वृत्ती. उठून त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची रंगीत तालीम.

शनिवारी तालीम जोरात झाली. कच्च्या कैऱ्या सापडल्या, त्या सुदानच्या होत्या, पण आंबट होत्या. डाळ झाली, पन्हं झालं. वाण मात्र संपलं. गाळण्या आदल्या दिवशीच लुटून झालेल्या. रिकाम्या हाताने सवाष्णीला कसं पाठवायचं, म्हणून अहिल्याबाईंनी सुबोधरावांच्या कपाटातून सेफ्टी वीकची उरलेली पेटी ओढली आणि प्रत्येकीला चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट लुटलं. साड्यांवर जाकिटं चढवून बायका पाळीने घरी जाऊन येत होत्या. गेटवरून बघणाऱ्याला वाटावं, कुठेतरी गॅस गळतोय.

या सगळ्यात मनापासून सुखी एकच होत्या, सरिताच्या सासूबाई, माई. त्या गुहागरहून मुलाकडे आलेल्या, कानाचं यंत्र बिघडलेलं, त्यामुळे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. "आमच्याकडे एवढं हळदीकुंकू कोण करतंय," त्या येईल त्या बाईला सांगत होत्या. "तालेवार गाव हो हे."

इकडे बाहेर हर्षवर्धन समोरच्या घरात पुरुषांमध्ये बसला होता. आमटीअभावी सुकलेले ते पुरुष त्याच्या बाजूचे झाले होते, हे सांगायला नको. बायको रुसली आहे, मी समजूत काढतो, मग तुमच्याही बायका घरी येतील, असं तो गोड आवाजात सांगत होता आणि ते भुकेल्या पोटाला पटत होतं. सुबोधराव तर शुक्रवारपासून पाव खात होते.

दुपारी उमैरने दार वाजवून एक तबक आत सरकवलं. वर भरतकामाचा रुमाल. मिस्टरकडून मदामसाठी भेट. अहिल्याबाईंनी तबक चौरंगावर ठेवलं, रुमाल काढला. तांदूळ, खण, नारळ. ओटीचं सामान अगदी यथासांग.

तेवढ्यात नारळ म्हणाला, "किर्तू..."

हॉलमध्ये अशी पळापळ झाली की पन्ह्याचं पातेलं लवंडलं. दोघी सोफ्यावर चढल्या. माईंना काही ऐकूच आलं नव्हतं, त्यांनी पुढे होऊन नारळाला हळदकुंकू वाहिलं. "किर्तू, मी दोन दिवस जेवलो नाही गं," नारळ हुंदका देत म्हणाला. सरिताने नारळ उचलला, तर मागे तांदळात उभा खोचलेला फोन, आणि फोनमध्ये हर्षवर्धन, डोळ्यांत पाणी आणून. कॉल चालू ठेवूनच स्वतःचा फोन तबकात पाठवून तो सुबोधरावांच्या फोनवरून बोलत होता.

अहिल्याबाईंनी फोन खणात गुंडाळला. कॉल कुठून बंद करायचा ते त्या घाईत सुचलं नाही, म्हणून त्यांनी तो तसाच नेऊन फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीत घातला आणि झाकण लावलं. पलीकडे सुबोधराव आणि चार इंजिनियर बराच वेळ काळ्याकुट्ट पडद्याकडे बघत बसले. कुणीतरी नेटवर्कला शिव्या दिल्या.

पण त्या हुंदक्याने काम केलं होतं. कीर्ती उठून उभी राहिली होती आणि ओढणी सारखी करत होती.

"काकू, तो जेवला नाहीये."

"नाही जेवला तर मरत नाही कुणी," अहिल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, कारण त्या घाबरल्या होत्या. "सुबोध पाव खातोय. हात दिलेत ना देवाने?"

"रडत होता हो. सगळ्यांसमोर. मी जाऊन फक्त बोलून येते."

अहिल्याबाईंना तिला आत ओढून दाराला कडी घालावीशी वाटली. तो मोह फार खरा होता. पण कडी घालणारा एक तिच्या घरी होताच, दुसरी कशाला हवी. त्या बाजूला झाल्या. "दार उघडं आहे बाळा. तुला वाटलं तर जा. नाही वाटलं तर आम्ही इथेच आहोत, चैत्र येईपर्यंत."

कीर्ती दाराशी गेली. हात कडीवर ठेवला आणि तशीच थांबली, कारण बाहेरून आवाज येत होता. मंडळात गाणारा आवाज नव्हे. हा दुसराच होता, जाडा आणि फाटका.

"माझा फोन दे बाहेर," हर्षवर्धन उमैरवर ओरडत होता, इंग्रजी-हिंदी-मराठी सगळं एक करून. "आत्ता खुरूज लावतो तिचं. आज रात्रीच्या विमानात कोंबतो. बघू कुठली नोकरी करते ती."

हॉलमधल्या बायकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. कीर्तीने नव्हे. ती वळली आणि म्हणाली, "घरी हाच असतो." मग येऊन चौरंगाजवळ बसली आणि पुन्हा उठली नाही.

आणि तेव्हा सरिताच्या डोक्यात प्रकाश पडला. बटण त्या फोनमध्ये. दुसऱ्या फोनवरून करायला जावं तर ओटीपी येणार त्याच फोनवर. आणि तो फोन मटारात. त्या बिचाऱ्याने कीर्तीला घालवायचं एकमेव हत्यार स्वतःच्या हाताने ओटीत घालून पाठवलं होतं.

बाहेर उमैरला वेगळाच धक्का बसला होता. "तेलिफोन?" तो उभा राहिला. "जुव्वा? इन्द हरीम? कॅमेरा?" आत? बायकांजवळ?

"हो, माझा फोन आहे, आत आहे," हर्षवर्धन म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला नंतर कळलं. बायकांच्या बैठकीत परक्या पुरुषाने कॅमेरा चालू करून पाठवायचा, आणि तोही तांदळात लपवून, आणि तो आपल्याच हातून आत गेला, या विचाराने उमैरचा चेहरा पांढरा पडला. त्याने हर्षवर्धनचं मनगट धरलं. "यल्ला, ऑफिस." कंपाउंडचे व्यवस्थापक घरून बोलावले गेले. ते आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि हर्षवर्धनला ऑफिसात बसवून ठेवलं. सुबोधराव साक्षीला गेले. फोन माझाच वापरला, असं ते प्रामाणिकपणे सांगायला लागले, तेव्हा त्यांनाही बसवून ठेवलं. अहिल्याबाईंनी त्यांच्यासाठी डाळ पाठवली, एका माणसापुरती.

रविवारी सकाळी मदतकेंद्राच्या बाई आल्या. काळा अबाया, हातात टॅबलेट, वय कीर्तीपेक्षा फार नसावं. दारातच त्यांच्यावर गुलाबपाणी उडवलं गेलं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. पोपटी जाकिटातल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या.

"या कुठल्या खात्याच्या?" त्यांनी सरिताला विचारलं.

"शेजारखात्याच्या," सरिता म्हणाली.

बाईंनी कीर्तीला जवळ बसवलं. वेगळ्या खोलीत जायचं का म्हणून विचारलं, तर कीर्तीने मान हलवून नाही सांगितलं आणि अहिल्याबाईंचा पदर धरून ठेवला. मग बाईंनी मऊ आवाजात विचारलं, हनुवटीला काय झालं. सरिताने मराठीत सांगितलं.

कीर्तीने तोंड उघडलं. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं. मनगटाचं काय? "ते पण दारच. बाथरूमचं." तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण दोन वर्षं आईला, डॉक्टरला, शेजारणीला तीच वाक्यं सांगितली होती, आणि प्रश्न आला की ती आपोआप बाहेर पडत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडात कपाट. बाई थांबून राहिल्या. जे ती सांगेल तेच त्यांना लिहिता येणार होतं, आणि नुसत्या कपाटाला कुठला कायदा अडवणार?

कोपऱ्यात माई कंटाळल्या होत्या. त्यांना एवढंच दिसत होतं की नवी पाहुणी आली आहे, लग्न होऊन फार वर्षं न झालेली मुलगी मधोमध बसली आहे, आणि सगळ्या तिच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी मुलीला काय सांगायचं असतं ते माईंना सत्तर वर्षं ठाऊक होतं.

"लाजतेस काय गो?" त्या हॉल दणाणून म्हणाल्या. "नाव घे की. चांगला उखाणा घाल."

सरिताने कपाळावर हात मारला. या घटकेला, या मुलीला, नवऱ्याचं नाव यमकात घ्यायला सांगायचं म्हणजे कहर झाला. अहिल्याबाई माईंना गप्प करायला उठल्या, पण त्याआधीच कीर्ती उभी राहिली होती. मोठ्या बाईने नाव घे म्हटलं की उभं राहायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने पदर नव्हता म्हणून ओढणी खांद्यावर घेतली, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"कपाटाला नसतात हात, दाराला नसतो राग,
हर्षवर्धनरावांच्या बोटांचे माझ्या हनुवटीवर डाग."

टाळ्या वाजवायची सवय असलेल्या बायकांचे हात तसेच वर राहिले. जमलेल्यांपैकी निम्म्या रडत होत्या.

"हे काय म्हणाली?" मदतकेंद्राच्या बाईंनी विचारलं. सरिताने भाषांतर केलं. यमक वाटेत पडलं, बाकीचं पोचलं. बाईंनी टॅबलेट मांडीवर नीट घेतला. "कविता छान आहे. आता साधं सांग."

आणि कीर्तीने साधं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा कधी, कशावरून, कुठे, पासपोर्ट कुठे लपवला, फोन कसा दाखवायचा. एकदा नळ फुटावा तसं ती बोलली. मध्ये सरिता भाषांतर करताना दोनदा थांबली आणि तिने चष्मा पुसला. शेवटी बाईंनी टॅबलेट कीर्तीसमोर धरला, बोट उमटवून घेतलं आणि म्हणाल्या, "नोंद झाली. आता त्याला तुझं खुरूज लावता येणार नाही. हॉस्पिटलला सांग, तुमचं काम चालू करा."

कीर्ती खाली बसली. कुणीतरी तिच्या हातात पन्ह्याचा पेला दिला आणि ती तो एका दमात प्यायली. अहिल्याबाई आत जाऊन देवासमोर उभ्या राहिल्या, निरांजन पुसून परत आल्या.

या गडबडीत माईंना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी अहिल्याबाईंचं जाकीट ओढलं. "पोरगी रडली का? नाव तर ठसक्यात घेतलंन. काय घेतलंन ते नीट ऐकू नाही आलं."

अहिल्याबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ओरडून सांगितलं. उखाणासुद्धा, शब्द न् शब्द.

माई पुढे सरकल्या. मग त्यांनी कीर्तीला बोटाने जवळ बोलावलं, तिच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू नीट केलं आणि म्हणाल्या, "नाव बरं घेतलंस हो. फक्त ते राव काढून टाक."

कीर्तीने तिथेच उभं राहून, राव काढून, नाव पुन्हा एकदा घेतलं.